उन्हाळ्यात किनाऱ्यावरून रॉडने गरवायचंय? मग आधी पाणी वाचायला शिका

उन्हाळा लागला की किनाऱ्यावर जो भेटेल तो एकच सांगतो, पाणी तापलंय, मासाच नाही. सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही हेच म्हणायचो. सकाळी आरामात आवरून ११ वाजता पोचायचं, ४ वाजेपर्यंत एकाच जागी गळ टाकत उन्हात उभं राहायचं, आणि हाती लागायचं काय तर शिंगाळा नाहीतर केंड. मग एका दिवशी संध्याकाळी सामान गुंडाळत होतो, ओहोटी जोरात लागलेली, आणि ज्या खाडीच्या तोंडाशी मी दिवसभर उभा होतो तिथेच सूर्य टेकता टेकता पाणी अक्षरशः उकळायला लागलं, कोळंबी हवेत उडतेय, मागून मोठे मासे फटके मारतायत, बोय माशांचे थवे फुटतायत. अर्धा तास चाललं आणि बंद. त्या दिवशी कळलं की मासा कुठे गेलेला नव्हता, तो फक्त त्याच्या वेळेची वाट बघत होता आणि मी माझ्या वेळेला आलो होतो.

तर हा लेख त्याबद्दल आहे. उन्हाळ्यात मासा जागा बदलतो आणि खायची वेळ आखडून घेतो, त्यामुळे ती वेळ आणि ती जागा शोधणं हेच निम्म्याहून जास्त काम.

तापलेल्या पाण्यात माशाचं काय होतं

हे समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. माशाचं शरीर पाण्याच्या तापमानावर चालतं. पाणी गरम झालं की त्याची पचनक्रिया वेगाने चालते, म्हणजे भूक खरं तर वाढते. पण त्याच वेळी गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात २० अंशाला लिटरमागे जास्तीत जास्त साधारण ७.४ मिलीग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशाला तोच ६.२ वर येतो. म्हणजे गरज वाढली आणि पुरवठा कमी झाला. अशा वेळी मासा उगाच पळापळ करत नाही. जिथे पाणी वाहतंय, फेसाळतंय, सावली आहे किंवा खोली आहे तिथे तो थांबतो आणि कमी कष्टात खायला मिळेल तेव्हाच खातो.

म्हणून दुपारी गुडघाभर उथळ, साचलेल्या, कोमट पाण्यात गळ टाकणं जवळजवळ वाया. तेच पाणी पहाटे रात्रभर निवलेलं असतं, आणि त्याच उथळ भागात मोठा मासा पोट घासत फिरताना दिसतो.

एक साधा थर्मामीटर दोरीला बांधून जवळ ठेवा. पहाटे आणि दुपारी एकाच जागी बुडवून बघा, मग खडकाच्या सावलीत, मग खाडीच्या तोंडाशी. किनाऱ्याकिनाऱ्याने चालताना कुठे दीड-दोन अंशांचा फरक सापडला तर ती जागा लक्षात ठेवायची. काही किनाऱ्यांवर ठराविक दिशेचा वारा सलग वाहिला की वरचं गरम पाणी बाहेर ढकललं जातं आणि खालचं थंड पाणी वर येतं, मग कालपर्यंत जिथे मासा होता तिथे आज शुकशुकाट. अशा दिवशी चूक तुमची नसते, दुसऱ्या बाजूची, वाऱ्याआडची जागा बघायची.

आदल्या रात्रीच ठरवा

पहिली गोष्ट भरतीचं टेबल. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं असतात, त्यामुळे भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, म्हणजे पाणी खूप चढतं, खूप उतरतं आणि वेगाने वाहतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त. उन्हाळ्यात मला स्वतःला उधाणाच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन दिवस जास्त आवडतात, ऐन उधाणाला पाणी इतकं ओढतं की दोरीला वजनासाठी लावलेलं शिसं जागेवर राहत नाही आणि गाळ उठतो तो वेगळाच.

आता यातली खरी उपयोगाची गोष्ट. पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. ढोबळ हिशोब असा की पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. समजा भरती-ओहोटीत ३ मीटरचा फरक आहे, तर पहिल्या तासात पाणी फक्त २५ सेंटीमीटर चढेल, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी ७५. म्हणजे मधल्या दोन तासांत अर्धं काम उरकतं. पाणी पळतं तेव्हा कोळंबी, लहान मासे, खेकड्याची पिल्लं सगळं वाहत येतं आणि मोठा मासा तोंड उघडून आडोशाला उभा असतो. अर्थात खाडीच्या आत हा हिशोब थोडा बिघडतो, तिथे किनाऱ्यापेक्षा उशिरा पाणी वळतं, ते जाऊनच शिकावं लागतं.

मग करायचं काय, तर असे दिवस शोधायचे ज्या दिवशी हे मधले दोन तास पहाटेवर किंवा सूर्यास्तावर येतात. पंधरवड्यात असे दिवस मोजकेच असतात. सुट्टी टाकायची तर त्या दिवशी टाका. दोन्ही जुळत नसेल तर उजेड कमी असलेली वेळ निवडायची का पाणी वाहतं असलेली वेळ? माझं मत, उन्हाळ्यात आधी उजेड बघा. पहाटेचं हळू वाहणारं पाणी दुपारच्या जोरदार भरतीपेक्षा मला तरी जास्त देऊन गेलंय, फक्त खाडीचं तोंड आणि पुलाखालची सावली हे अपवाद, तिथे दुपारीही नशीब उघडतं.

दुसरी गोष्ट वारा. जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते म्हणून दुपारच्या आत समुद्राकडून वारा सुटतो, दुपारनंतर वाढतो आणि संध्याकाळी पडतो. पहाट शांत असते त्याचं कारण हेच. समोरून येणारा हलका वारा वाईट नाही, तो लहान मासे काठाकडे ढकलतो, पण १५ नॉटच्या पुढे, म्हणजे ताशी २८ किलोमीटरच्या आसपास गेला की हलकं लूर, म्हणजे खोटं आमिष, टाकणं विसरा.

तिसरी गोष्ट लाट, आणि इथे लोक फक्त उंची बघतात. दोन लाटांमधलं अंतर किती सेकंदांचं आहे तेही बघा. १ मीटरची लाट ६ सेकंदांची असेल तर ती जवळच्या वाऱ्याची, दिसायला खवळलेली पण जोर कमी. तीच १ मीटरची लाट १४ सेकंदांची असेल तर ती दूरच्या वादळातून आलेली, तिच्यात ताकद प्रचंड, आणि मधे दहा मिनिटं शांतता ठेवून अचानक मोठ्या लाटांची रांग येते. वारा शून्य, आकाश निळं, आणि खडकावरचा माणूस वाहून जातो तो अशाच दिवशी.

ओहोटीला रिकाम्या हाताने जाऊन या

हे कोणी करत नाही आणि म्हणून सांगतोय. उधाणाच्या दिवशी पूर्ण ओहोटीला रॉड न घेता जा. जे एरवी पाण्याखाली असतं ते सगळं उघडं पडलेलं दिसतं, कुठे चर आहे, कुठे खडकात भोक आहे, कालवांचे दगड कुठे आहेत जे तंगूस (नायलॉनची दोरी) कापतात, वाळूचा उंचवटा कुठे तुटतो. मोबाईलवर फोटो काढा आणि फोटोत मागे एखादं झाड किंवा ठळक दगड येऊ द्या, म्हणजे भरतीला तीच जागा सापडते.

पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, भरतीच्या वेळी खुणा अशा. जिथे लाट फुटून पांढरा फेस होतो तिथे खाली उंचवटा. दोन पांढऱ्या पट्ट्यांच्या मधे जिथे पाणी गडद आणि लाट न फुटता आत येते तो चर, मासे याच वाटेने काठाला येतात. नवीन माणूस ताकद लावून जितकं लांब जाईल तितकं टाकतो आणि चराच्या पलीकडे उथळावर आमिष पाडतो. मासा बऱ्याचदा २० मीटरवर असतो. पहाटे पाण्यात पाय घालायच्या आधी काठाला समांतर दोन-चार वेळा टाकून बघा, मी माझे काही चांगले मासे असेच काढलेत.

पोलराइज्ड चष्मा घ्याच. पाण्यावरची चकाकी जाते आणि तळ, सावल्या, फिरणारा मासा दिसतो. सुरय पक्षी कुठे सूर मारतायत तिकडेही लक्ष ठेवा, ते एकाच जागी पुन्हा पुन्हा पडत असतील तर खाली लहान माशांचा थवा आहे आणि त्याला कोणीतरी खालून वर ढकलतंय.

कोण कुठे असतो

प्रत्येक समुद्रात जाती वेगळ्या, पण सवयी शिकल्या की नाव बदललं तरी चालतं. उष्ण समुद्राच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात साधारण हे भेटतात.

जिताडा हा गरम पाण्याचाच मासा, थंडीत तो सुस्तावतो आणि उन्हाळ्यात खुलतो. खाडीचं तोंड, पुलाचे खांब, तिवरांची मुळं, बुडालेलं लाकूड, आणि वेळ म्हणजे ओहोटीचा पहिला अर्धा भाग, कारण आतली कोळंबी आणि बोय त्याच वेळी बाहेर ओढली जाते. तो वाहत्या पाण्यात उभा राहत नाही, खांबाच्या मागे जिथे पाणी हळू फिरतं तिथे थांबतो, म्हणून लूर प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकून खांबाजवळून वाहत येऊ द्यायचं.

तांबोशी खडक आणि मुळांत राहते, संध्याकाळ आणि रात्र तिची. लागल्या क्षणी भोकात पळते. पहिले तीन सेकंद तुम्ही जिंकलात तर मासा तुमचा, म्हणून इथे ड्रॅग, म्हणजे रीलची दोरीवरची पकड, सैल ठेवून चालत नाही.

रावस गढूळ पाण्याचा. त्याच्या कल्ल्यांखाली लांब केसांसारखे तंतू असतात, त्याने तो चाचपडत अन्न शोधतो, त्यामुळे पाणी चहासारखं असलं तरी तो खातो. लाटांनी वाळू ढवळलेली पुळण, जिवंत किंवा ताजी कोळंबी.

करकरा रात्री वाळू-चिखलाच्या तळावर येतो, बाहेर काढला की आवाज करतो त्यावरूनच ओळखाल. मुडदुशी लहान पण लहान पोरांना शिकवायला हिच्यासारखा मासा नाही, दिवसाढवळ्या मिळते, धोका वाटला की चक्क वाळूत घुसते, हलका रॉड, बारीक गळ आणि आमिषाचा इवलासा तुकडा लागतो. सुरमई आणि बॅराकुडासारखे धारदार दातवाले नितळ, खोल पाणी असलेल्या खडकाच्या टोकाशी पहाटे येतात, तिथे गळाच्या आधी वीतभर तरी वायर लावा नाहीतर लूर गेलं समजा.

सामान, थोडक्यात

एकच रॉड घ्यायचा तर ९ फुटांचा, मध्यम ताकदीचा, ४००० साइजचं स्पिनिंग रील, १० किलोच्या आसपासची ब्रेड (विणलेली) दोरी. पुढे गळाच्या बाजूला दीड-दोन मीटर लीडर, म्हणजे दोरीचा वेगळा तुकडा. नितळ पाण्यात फ्लुरोकार्बन चांगलं, कारण प्रकाश वाकवण्याच्या बाबतीत ते साध्या नायलॉनपेक्षा पाण्याच्या जास्त जवळ आहे आणि घासलं तरी टिकतं. गढूळ पाण्यात साधं तंगूस पुरतं, उगाच खर्च नको.

ड्रॅग अंदाजाने लावू नका. छोटा लटकता वजनकाटा दोरीला अडकवून ओढा, दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याला रील सुटायला पाहिजे, म्हणजे १० किलोच्या दोरीला अडीच किलो. खडकात तीनपर्यंत न्या. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळली की घर्षणाने दोरी तिथेच अशक्त होते आणि मोठा मासा नेमका तिथूनच जातो.

आमिष लावून बसणार असाल तर वाकड्या तोंडाचा सर्कल हुक वापरा. तो बहुतेक वेळा जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, घशात जात नाही. फक्त एक सवय मोडावी लागते, मासा ओढायला लागला की झटका द्यायचा नाही. दोरी ताणू द्या, हळूच रील फिरवायला लागा, तो स्वतःच अडकतो. झटका दिलात की गळ रिकामा बाहेर.

आमिष आणि लूर

उन्हात आमिष तासाभरात मऊ पडतं आणि दोन वेळा टाकलं की गळून जातं. बर्फावर ठेवा पण बर्फाच्या पाण्यात नको, गोड्या पाण्याने ते पांढरं आणि लिबलिबीत होतं. पिशवीत बांधून मग बर्फात. तारली किंवा बोयचे तुकडे आदल्या दिवशी जाड मीठ लावून ठेवले तर गळावर घट्ट बसतात. माकूल (स्क्विड) सगळ्यात टिकाऊ, लहान मासे सारखे कुरतडत असतील तर माकूल लावा. जिवंत कोळंबीला शेपटीच्या शेवटच्या पेरातून किंवा डोक्यावरच्या काट्याखालून गळ घाला, डोक्यातला काळा ठिपका चुकवून, म्हणजे ती तासभर जिवंत राहते.

लूरचं म्हणाल तर अंधार आणि पहाट यात पाण्यावर आवाज करणारा पॉपर, उजाडलं की अर्ध्या पाण्यात चालणारा मिनो, ऊन चढलं की तळाला सॉफ्ट प्लास्टिक (मऊ रबरी लूर) जिगवर, म्हणजे वजन असलेल्या गळावर लावून. म्हणजे सूर्य जसा वर जातो तसं तुमचं लूर खाली जायला पाहिजे. आणि गरम पाण्यात दोन टोकं चालतात, पहाटे वेगाने, दुपारी अगदी हळू तळावर उड्या मारत. मधल्या कंटाळवाण्या वेगाने ओढत बसलात तर दिवस जातो.

पाणी लालसर किंवा हिरवट दाट झालंय, वास येतोय, काठाला मेलेले मासे लागलेत, तर त्या दिवशी गरवू नका आणि तिथलं काही, विशेषतः कालवं-शिंपले, खाऊ नका. सूक्ष्म शेवाळ अचानक वाढलं की असं होतं आणि त्यातल्या काही जाती विषारी असतात.

मासा लागल्यावर

सोडायचा असेल तर उन्हाळ्यात जास्त घाई करा. गरम पाण्यात आधीच ऑक्सिजन कमी, त्यात तो जीव तोडून झुंजलेला. बारीक दोरीवर वीस मिनिटं खेळवून मग सोडून दिला तर तो पोहत गेलेला दिसतो आणि पुढे जाऊन मरतो. पुरेशी जाड दोरी वापरून लवकर आणा. तापलेल्या वाळूवर किंवा खडकावर ठेवू नका, हात ओले करून धरा, जबड्याला उभा लटकवून फोटो नको, पोटाखाली दुसरा हात द्या. तुम्ही श्वास रोखून धरू शकता तेवढाच वेळ तो पाण्याबाहेर. परत सोडताना तोंड प्रवाहाकडे करून धरा, शेपटी मारली की सोडा.

कोणता सोडायचा याचंही एक सांगतो, मनापासून सांगतो. जिताडा नर म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे मोठे जिताडे बहुतेक सगळे माद्या, अंड्यांनी भरलेल्या. गोबऱ्याच्या बऱ्याच जातींत उलटं, आधी मादी मग नर. त्यामुळे फक्त मोठे मोठे उचलत गेलं की एक अख्खी बाजूच संपते. अगदी लहान सोडा, अगदी मोठेही सोडा, मधला घरी न्या. तुमच्या किनाऱ्याचे बंदीचे महिने आणि मापाचे नियम असतील ते बघूनच जा.

घरी न्यायचा असेल तर बर्फ मासा लागायच्या आधी डब्यात पाहिजे. लागल्याबरोबर डोक्यावर एक ठोका, कल्ल्याखालची शीर कापून समुद्राच्या पाण्यात रक्त जाऊ द्या, मग दोन भाग बर्फ आणि एक भाग समुद्राचं पाणी या खळीत पूर्ण बुडवा. नुसत्या बर्फाच्या खड्यांपेक्षा ही खळ मासा खूप लवकर थंड करते. बांगडा, सुरमई, तारली, कुपा यांच्या बाबतीत हे चवीपुरतं नाही. हे मासे उन्हात राहिले की जिवाणू त्यांच्या मांसात हिस्टामिन तयार करतात, आणि ते एकदा झालं की शिजवून, तळून, पुन्हा गोठवून जात नाही. अंगावर लाल चट्टे, डोकेदुखी, धडधड. माशाला वासही येत नाही कधीकधी. ४ अंशांच्या आत ठेवला तर हा धोका खूप कमी होतो.

शिंगाळ्याचे तीन काटे विषारी, पकडीने धरा. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून नका टाकू, घासत चाला म्हणजे वाळूतलं पाकट आधीच निसटतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंश, अर्धा ते दीड तास पाय बुडवून ठेवा, वेदना उतरते, आणि डॉक्टरकडे जा, काटा आत राहिलेला असू शकतो. केंड खायचा नाही, कोणी काहीही सांगो.

जीव सांभाळा

खडकावर उतरायच्या आधी १५-२० मिनिटं नुसतं उभं राहून समुद्र बघा. खडक जिथपर्यंत ओला आहे तिथपर्यंत लाट येते. लाईफ जॅकेट घाला, एकट्याने नको, आणि परतीची वाट भरतीने बुडणार का ते आधी बघा. लाटेने ओढून नेलंच तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका, आडवं पोहत त्या ओढीतून बाहेर पडा.

संध्याकाळचे ढग जमले आणि वीज दिसल्यापासून ३० सेकंदांत गडगडाट ऐकू आला तर रॉड खाली ठेवा आणि निघा, कार्बनचा रॉड वीज वाहून नेतो आणि मोकळ्या किनाऱ्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं परत यायचं नाही. पाणी तहान लागायच्या आधी प्या, घाम यायचा थांबला किंवा डोकं गरगरलं तर सावलीत जा.

आणि घरी जायच्या आधी, हात ओले असतानाच, वहीत लिहा: तारीख, तिथी, पाणी चढतं का उतरतं आणि कितवा तास, पाण्याचं तापमान, वारा कुठून, पाणी नितळ का गढूळ, काय लावलं, किती वाजता लागला. काही नाही लागलं तरी लिहा, त्या दिवशी तर नक्की लिहा. माझ्या वहीत एका खाडीच्या तोंडासाठी पाच वेळा एकच ओळ आलीये, ओहोटीचा दुसरा तास, सूर्य टेकलेला, वारा पडलेला. आता मी तिथे एरवी जातच नाही.